दिवे बदलले तरी वीजबिल का उतरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातले सगळे दिवे एलईडी केले, चार्जर सॉकेटमधून काढून ठेवायची सगळ्यांना सवय लावली, खोलीतून निघताना बटण बंद करा म्हणून मुलांच्या मागे लागलात, आणि एवढं करून चार महिन्यांत बिल जेमतेम हललं. आता फ्रिज बदलावा, इन्व्हर्टर एसी घ्यावा, की सॉकेटला लावायचा तो ‘वीज वाचवणारा’ डबा आणावा, असं विचारलंत.

आज यातलं काहीच आणू नका. डबा तर कधीच आणू नका; त्याचं कारण पुढे येईलच. घरांची वायरिंग आणि वीजवापर तपासायचं काम मी वीसेक वर्षं करतोय, आणि तुमची तक्रार मला अगदी तोंडपाठ आहे. तुमची मेहनत कमी पडलेली नाही. ती भलत्याच ठिकाणी पडली. वीज कुठे खर्च होते हे आपण डोळ्यांनी ठरवतो. जे उजळतं, जे घरघरतं, ते वीज खातंय असं वाटतं. मीटरला मात्र उजेडाचं सोयरसुतक नसतं. घरातली बहुतेक युनिटं काहीतरी तापवण्यात नाहीतर थंड करण्यात जातात, आणि ती कामं बंद दाराआड, गुपचूप चालतात.

आकडेच बघा. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास. नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास जळला तर महिन्याला १.३५ युनिट लागतं. असे दहा दिवे धरले तरी साडेतेरा युनिट. जुने साठ वॅटचे पिवळे बल्ब असताना तेच काम नव्वद युनिट घेत होतं, त्यामुळे ते बदललेत ते चांगलंच केलंत. पण तुमच्याकडे आधी ट्यूब आणि सीएफएल असणार, मग फरक कितीसा पडणार? आणि चार्जर! मोबाइल न लावलेला आजचा बरा चार्जर एक दशांश वॅटच्या आसपास घेतो. महिनाभर सॉकेटात राहिला तर एका युनिटाचा दहावा हिस्साही होत नाही. त्यावरून घरात वाद होत असतील तर ते आजच मिटवा.

आता तुम्ही न लिहिलेल्या गोष्टी. माणसं किती, हवामान कसं, आंघोळीचं पाणी विजेवर तापतं की गॅसवर, घर स्वतःचं की भाड्याचं, यावर उत्तर पुष्कळ बदलतं. थंड प्रदेशात खोली ऊबदार ठेवण्यात सगळ्यात जास्त खर्च होतो, उष्ण प्रदेशात एसीत, आणि ज्या घरात दोन्ही नाही तिथे बहुतेक वेळा गीझर आणि फ्रिज पहिल्या नंबरासाठी भांडत असतात. म्हणून ‘अमुक घ्या, बिल अर्धं होईल’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यात मीही आलो.

सुरुवात बिलापासून करा, पण बिलाच्या रकमेकडे बघू नका, युनिटांकडे बघा. रकमेत स्थिर आकार असतो, कर असतात, दर बदललेला असू शकतो; वापर घटूनही रक्कम तिथेच राहते. तुलनाही मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, नाहीतर ऋतूचं श्रेय तुम्ही स्वतःकडे घ्याल. आणि बिल प्रत्यक्ष रीडिंगचं आहे की सरासरीचं, ते वाचा. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा यांचा मेळ बसत नसेल तर पुढचं सगळं गणित व्यर्थ आहे. शिवाय वापर वाढेल तसा दर चढत जाणारी पद्धत तुमच्याकडे असेल, तर वाचवलेलं प्रत्येक युनिट सर्वात वरच्या, म्हणजे सर्वात महाग टप्प्यातून कमी होतं. अशा ठिकाणी थोडी बचतही रकमेत बरी दिसते.

यानंतरचं काम रात्रीचं. सगळे झोपायला गेले, दिवे-पंखे-एसी बंद केले, की टॉर्च घेऊन मीटरसमोर उभे राहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका मिचकावत असतो आणि त्याच्याजवळ १०००, १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या वेळा ठिपका मिचकावला की एक युनिट पडतं. दोन मिचकावण्यांमधला वेळ मोजा. एका अंतरावर भरवसा नको, दहा अंतरं मोजून दहाने भागा. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले सेकंद केलं की त्या क्षणी घर किती वॅट घेतंय ते कळतं. १६०० असेल तर २२५०, आणि १००० असेल तर ३६०० घ्या.

समजा, दहा सेकंदांना एकदा मिचकावलं. म्हणजे ११२ वॅट. सगळे झोपलेले, घर शांत, आणि ११२ वॅट जाताहेत. दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८१. तुमच्या दहाही दिव्यांच्या सहापट! यात फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होता की बंद, हे लिहून ठेवा आणि मोजणी दोन्ही वेळा करा. मग एकेक एमसीबी, म्हणजे बोर्डातला प्रत्येक सर्किटचा वीज तोडणारा खटका, खाली पाडत जा. कुठला पाडल्यावर ठिपका मंदावतो, तिथे चोर आहे. सगळे एमसीबी पाडूनही ठिपका चालूच राहिला, तर मीटर आणि बोर्ड यांच्या मध्ये कुणाची तरी वायर जोडलेली असू शकते किंवा मीटरमध्येच दोष असू शकतो. आणि एमसीबी चालू, पण त्यावरची सगळी उपकरणं सॉकेटमधून काढलेली असतानाही ठिपका पळत असेल, तर वायरिंगमध्ये कुठेतरी लीकेज, म्हणजे वीज वायरबाहेर झिरपत, असल्याचा संशय घ्या. या दोन्ही प्रकारांत स्वतः पेचकस हातात घेऊ नका आणि मीटरच्या सीलला हात लावू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा. लीकेजमध्ये युनिटांपेक्षा जिवाचा प्रश्न मोठा असतो.

बहुतेक घरांत मात्र असं भयंकर काही निघत नाही. निघतं ते साधं, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेलं. माझ्याच घरातलं सांगतो. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, आणि दार उघडं असलं की बरोबर त्या दारामागे. बटणावरचा लाल दिवा कधीतरी गेलेला. सकाळी कुणीतरी गीझर लावायचं, शेवटी आंघोळ करणाऱ्याला तो चालू असल्याचं कळायचं नाही, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडणारा भाग, आपलं काम इमानेइतबारे करत असल्यामुळे पाणी उकळून बोंब व्हायचीही सोय नव्हती. दिवसभर दर दीड-दोन तासांनी टक् असा बारीक आवाज, दोन-अडीच मिनिटं दोन हजार वॅट, पुन्हा टक्. तो आवाज मी कित्येक महिने ऐकत होतो आणि लोकांच्या घरी जाऊन त्यांचे मीटर तपासत होतो. हिशेब केला तेव्हा दिवसाला साधारण एक युनिट निव्वळ टाकीची भिंत गरम ठेवण्यात जात होतं. महिन्याला तीस. उपाय म्हणून नवा इंडिकेटर बसवला आणि बटण दाराच्या दुसऱ्या बाजूला घेतलं.

गीझर सतत चालू ठेवला तर कमी वीज लागते, कारण ‘पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागत नाही’, हे तुम्हीही ऐकलं असेल. भोक पडलेली बादली कायम काठोकाठ भरलेली ठेवली तर पाणी वाचेल का? टाकी जितकी गरम आणि जितका जास्त वेळ गरम, तितकी उष्णता बाहेर जाणार. आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावा, आंघोळीला जाताना बंद करा.

पाणी तापवायला किती लागतं, याचं आम्ही लोक वापरतो ते सूत्र देऊन ठेवतो: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, उत्तर युनिटांत. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ५२५ भागिले ८६०, म्हणजे ०.६१ युनिट. गीझर महाग असो की स्वस्त, कॉइलवाला गीझर यापेक्षा कमी घेऊच शकत नाही. म्हणून बचत उपकरणात शोधू नका, पाण्यात शोधा. वीस लिटरची बादली ४० अंशांवर हवी असेल तर ०.३५ युनिट. तेच मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की शंभर लिटर, १.७४ युनिट. माणशी, रोज. चार माणसांच्या घरात हा फरक महिन्याला दीडशे युनिटांच्या पुढे जातो. शॉवर सोडा असं म्हणत नाही. मिनिटाला सहा लिटर देणारा शॉवरहेड बसवला तर १.७४ चं १.०५ होतं आणि अंगाला फारसा फरक जाणवत नाही.

थर्मोस्टॅट खाली आणायचा सल्ला सरसकट देत नाही. लगेच वापरून बंद करायच्या छोट्या गीझरला तो ठीक आहे. मोठी टाकी दिवसभर कोमट, चाळीस-पंचेचाळीस अंशांवर ठेवली तर लीजनेला नावाच्या जिवाणूला ते तापमान मानवतं. मोठी टाकी ठेवायचीच असेल तर साठ अंशांवर ठेवा आणि तिला जाड इन्सुलेशन असू द्या. माणसं जास्त असतील आणि पैसे एकदाच घालायची तयारी असेल, तर हीट पंपाचा किंवा सौर गीझर हा खरा बदल. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांएवढं काम करतो.

आता फ्रिज. तुम्ही तो बदलायला निघालात, तर आधी एक कागदाची पट्टी घ्या. दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सरकली तर तिथे रबर, म्हणजे गॅस्केट, सैल झालंय. असं दाराच्या चारी बाजूंनी करा. बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा बऱ्याचदा फितूर निघतो. एकदा मी एका कुटुंबाला छातीठोकपणे ‘फ्रिज बदला’ म्हणून सांगून आलो होतो. त्यांना महिनाभर जमलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा सवड होती म्हणून फ्रिज ओढून बघितला: मागची कॉइल धुळीच्या गोधडीत गुंडाळलेली, आणि पाठ भिंतीला टेकलेली. ब्रशने कॉइल साफ केली, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, गॅस्केट बदललं. तो फ्रिज त्यानंतर बरीच वर्षं चालला. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी ‘बदला’ म्हणत नाही.

मोजायचं कसं? सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो, तो एखाद्या ओळखीच्याकडून चार दिवस मागून आणा. फ्रिजचा वापर क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून पूर्ण २४ तास लावून ठेवा. आलेला आकडा ३६५ ने गुणा आणि नव्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात त्यांच्याशी ताडून बघा. दोन-अडीचशे लिटरच्या फ्रिजला साफसफाईनंतरही दिवसाला दोन युनिटांच्या वर लागत असतील, तर तो बदलण्याचा विचार रास्त आहे. एकाच्या आत असेल तर त्याला सुखाने जगू द्या. आणि नवा घेतलात तर जुना ‘पाण्याच्या बाटल्यांना होईल’ म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवू नका. बचतीसाठी नवा फ्रिज घेणाऱ्यांची युनिटं वाढलेली मी अनेकदा पाहिली आहेत, आणि दर वेळी कारण हेच.

एसीचं तुम्ही जे विचारलंत त्यावर: रोज सात-आठ तास चालणाऱ्या एसीला इन्व्हर्टर परवडतो, कारण तो कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करून तापमान टिकवतो, सारखा बंद-चालू होत नाही. आठवड्यातून दोनदा तासभर लावणाऱ्याने केवळ बचतीसाठी चालू स्थितीतला एसी बदलू नये. १८ वर लावला की खोली लवकर गार होते, हा मात्र गैरसमज. साधा एसी २५ वर असो की १८ वर, गार करण्याचा त्याचा वेग तोच असतो. फक्त १८ वर थांबायचं ठिकाण लांब असतं. सेटिंग एक अंशाने वर नेलं की साधारण पाच-सहा टक्के वीज वाचते. २६ ला ठेवून पंखा मंद चालवा, अंगाला २४ सारखं वाटेल. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, ते काम पाच मिनिटांचं आहे.

त्याहीआधी ऊन अडवा. खिडकीच्या काचेतून एकदा आत आलेलं ऊन आतल्या पडद्याने फारसं परत जात नाही, पडदाच तापून खोलीत उष्णता सोडतो. सावली काचेच्या बाहेर हवी: चटई, जाळी, झाड, छज्जा, काहीही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिलेला बरा. माझ्या मते तिथे नव्या एसीच्या आधी त्याच्यावर खर्च करावा.

थंड प्रदेशात असाल तर हेच उलट वाचा. दार-खिडक्यांच्या फटींजवळ पातळ कागदाचा तुकडा धरा. फडफडला की तिथून तुमची ऊब जातेय. फोमची पट्टी लावा. हीटरच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. तेलाचा, पंख्याचा, काचेचा, कुठल्याही नावाचा कॉइलवाला हीटर एका युनिटात एकच युनिट उष्णता देतो. फरक आवाजाचा, दिसण्याचा आणि ती उष्णता अंगावर पडते की खोलीत पसरते याचा. युनिटामागे जास्त उष्णता हवी असेल तर पुन्हा हीट पंपच, म्हणजे उलटा चालणारा एसी.

पंखे लोक विसरतात. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा पूर्ण वेगावर ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे नव्या पद्धतीच्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्याला हा बदल महिन्याला वीसेक युनिट वाचवतो. पण तो पंधरा तास चालणाऱ्यालाच. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काय मिळणार? आणि पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही, तेव्हा रिकाम्या खोलीत तो फिरत ठेवणं म्हणजे खोली किंचित गरम करणं.

स्टँडबायबद्दल, म्हणजे उपकरण वापरात नसतानाही जाणाऱ्या विजेबद्दल, तुम्ही चार्जरला धरलंत, धरायला हवं होतं सेट-टॉप बॉक्सला. एक वॅट महिनाभर अखंड म्हणजे ०.७२ युनिट, हे लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये स्टँडबाय एका वॅटच्या खाली आणण्याची मोहीम सुचवली, त्यानंतर टीव्हीसारखी उपकरणं पुष्कळ सुधारली. पण सेट-टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केला तरी दहा वॅटच्या आसपास घेत राहू शकतो, म्हणजे सात युनिट. जुना होम थिएटर, दिवसरात्र चालू कॉम्प्युटर, आणि बॅटरी म्हातारी झालेला घरचा इन्व्हर्टर हेही याच टोळीतले. बॅटरी खराब झाली की ती चार्ज होतच राहते आणि भरत मात्र नाही. हात लावून बघा, सतत कोमट लागत असेल तर तपासून घ्या.

राहिला तो डबा. त्यात एक कपॅसिटर असतो आणि एक हिरवा दिवा. कपॅसिटर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खऱ्या कामाला लागतो ते प्रमाण, सुधारतो, हे खरं. पण घरगुती मीटर वॅट-तास मोजतो, आणि ते कपॅसिटरने कमी होत नाहीत. ज्या कारखान्यांना पॉवर फॅक्टरवरून दंड किंवा केव्हीएवर, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट या मापावर, आकारणी असते, त्यांना त्याचा उपयोग. त्यांचे कपॅसिटरही मापाने निवडलेले असतात. तुमच्या घरात त्या डब्यातला हिरवा दिवा तेवढा वीज खाईल.

छोट्या गोष्टी पटकन: वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलंत तर त्याची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते, थंड पाण्यावर धुवा, ड्रायर असेल तर दोरी वापरा. पाण्याच्या पंपाला टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप, बघा. इस्त्री आठवड्याची एकदम करा. गॅसची ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका, वर झाकण ठेवा.

आता तुमच्याकडून मला तीन आकडे हवेत: रात्रीच्या दहा अंतरांना किती सेकंद लागले, फ्रिजने २४ तासांत किती युनिट घेतली, आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्याची युनिटं. सोबत मीटरवर १००० छापलंय, १६०० की ३२००, तेही लिहा. ते कळलं की एसीचं काय करायचं ते ठरवता येईल.